मळ जावा, वस्तू राहावी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात आपण काही बोलावे, अशी सूचना चिटणीसांकडून आली तेव्हा आम्ही ‘घरातील सामानाची निर्धोक सफाई’ हा विषय त्यांना कळविला. तो ऐकून मंडळातील काही तरुण सभासदांस हसू आले, असे आमच्या कानावर आहे. परटांच्या मेळाव्यात धुण्यापुसण्याचे व्याख्यान कशाला, असा त्यांचा भाव असावा. परंतु सोनारानेच कान टोचावेत अशी आपल्याकडे म्हण आहे. त्याच न्यायाने धुण्यापुसण्याविषयी चार शब्द सांगावयाचे तर ते परटानेच सांगणे योग्य होय. शिवाय हा विषय दिसतो तितका किरकोळ नाही. त्यात पैशाचा प्रश्न आहे, नदीच्या पाण्याचा प्रश्न आहे आणि घरातील लहान मुलांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

आपल्या धंद्याने मराठी भाषेला ‘परीटघडी’ हा शब्द दिला. स्वच्छ, नीटस, नुकत्याच उलगडलेल्या वस्त्राला आजही सारा महाराष्ट्र याच शब्दाने ओळखतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचा मळ धुतला त्यालाच हलका मानण्याची रीत या देशात पुष्कळ काळ चालली. तिची चर्चा आज आम्हांस करावयाची नाही. ज्यांच्या हातात झाडू पाहून गावे स्वतः झाडावयास लागली, ते संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) आपल्याच समाजात जन्मले, एवढे स्मरण पुरेसे आहे. आज आम्हांस सांगावयाचे ते हे की, आपल्या वाडवडिलांपाशी जे होते ते केवळ कष्ट नव्हते, ती एक विद्या होती. लोकर कोणत्या पाण्यात घालावी, रेशमाला कशापासून जपावे, कोणता डाग आधी थंड पाण्यात सोडावा, हे त्यांना हातातोंडी ठाऊक होते. त्यामागील रसायनशास्त्र त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, तथापि त्याचे नियम त्यांनी क्वचितच मोडले.

पुढे काळ पालटला. १९५९ साली सर्फ आणि १९६९ साली निरमा ही धुण्याची भुकटी आपल्याकडे आली आणि रिठे, शिकेकाई, सज्जीखार मागे पडले. याबद्दल आम्ही दोष देत नाही. या भुकटीने बायकांचे श्रम कमी केले, आणि जड पाण्यात साबण फुटतो तिथे ती चांगली चालते. परंतु तिच्या पाठोपाठ जे आले त्याची मर्यादा राहिली नाही. आज मध्यम स्थितीतल्या घरात न्हाणीघराच्या फळीवर पाहावे, तर फरशीची बाटली वेगळी, काचेची वेगळी, संडासाची वेगळी, लाकडाची वेगळी, सोफ्याची वेगळी अशा आठदहा बाटल्या उभ्या असतात. त्यांतील प्रत्येकीत काय आहे हे घरातील एकालाही सांगता येत नाही. आजीने सुनेला आणि सुनेने लेकीला सांगण्याची जी परंपरा होती ती तुटली आणि तिच्या जागी जाहिरात येऊन बसली.

म्हणून आमचे सांगणे प्रथमच थोडक्यात सांगून टाकतो. पुढे त्याचाच विस्तार होईल. कोणतीही वस्तू स्वच्छ करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वस्तू कशाची आहे ते ओळखावे. दुसरी, मळ कशाचा आहे ते ओळखावे. तिसरी, सर्वांत सौम्य उपायापासून आरंभ करून, तो अपुरा पडला तरच पुढची पायरी चढावी. झाडणे, झटकणे आणि ऊन ही पहिली पायरी. साधे पाणी ही दुसरी. रिठा किंवा सौम्य साबण ही तिसरी. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांसारखे आंबट पदार्थ किंवा सोड्यासारखे खार ही चौथी. बाजारातील तीव्र औषधे ही शेवटची, आणि बहुतेक घरांत तिथवर जाण्याची गरजच पडत नाही.

वस्तू ओळखणे म्हणजे काय, ते आधी पाहू. सुती, रेशमी आणि लोकरी हे तीन जिन्नस दिसावयास कापडच; परंतु त्यांची प्रकृती भिन्न आहे. कापूस वनस्पतीचा, तो खार सहन करतो. म्हणूनच आपल्या भट्टीत सुती धुणे सोड्याच्या पाण्यात निर्धास्त घालीत. रेशीम आणि लोकर ही प्राण्यांपासून येतात, आपल्या केसांच्या जातीची असतात आणि खाराने ती झिजतात, निस्तेज होतात. त्यांना रिठ्याचे पाणी मानवते. घोंगडी किंवा लोकरी गालिचा गरम पाण्यात घालून चोळला तर तंतू एकमेकांत अडकून तो आटतो व कडक होतो. म्हणून थंड पाणी घ्यावे, हाताने हलके दाबावे, पिळू नये आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा. पडदा रेशमी असेल तर हाच नियम लावावा.

रिठ्याचे पाणी करण्याची रीत नव्या पिढीस ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. दहाबारा रिठे फोडून बिया काढून टाकाव्यात. टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालावीत. सकाळी ते पाणी पंधरावीस मिनिटे मंद आचेवर उकळावे, निवल्यावर हाताने कुस्करावे आणि फडक्याने गाळून घ्यावे. यास साबणाइतका फेस येत नाही, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. रिठ्यातील सॅपोनिन नावाचे द्रव्य मळ सोडविते आणि फेस तोच करते. हे पाणी दोनतीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे.

आता गादीचा विचार करू. कापसाची गादी धुवावयाची नसते. तिला ऊन हेच स्नान होय. गादीच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे राहतात. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कणांवर ते जगतात आणि पुष्कळांच्या दम्याचे व सर्दीचे कारण होतात. या किड्यांना पाणी पिता येत नाही. हवेतील ओल शोषूनच ते तगतात. म्हणूनच गादी कडक उन्हात टाकून दोन्ही बाजूंनी काठीने झोडपण्याची आपल्या आजीची रीत शास्त्राला धरून होती. ओल गेली की त्यांचे जगणे अवघड होते. झोडपताना मात्र नाकातोंडावर फडके बांधावे आणि दमेकऱ्याने ते काम करू नये. उशांचे अभ्रे आणि चादरी साठ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुतल्या तर हे किडे मरतात. आजच्या धुलाईयंत्रांपैकी पुष्कळांवर हा आकडा लिहिलेला असतो. फोमची गादी मात्र फार वेळ उन्हात टाकू नये, कारण उन्हाने फोम पिवळा पडून चुरतो. तिला मोकळी हवा द्यावी.

लहान मुलाने गादी ओली केली तर आधी कोरड्या फडक्याने दाबून ओल टिपून घ्यावी, घासू नये. मग थंड पाण्याच्या फडक्याने दोनतीनदा टिपावे, वर खाण्याचा सोडा भुरभुरवावा, काही तास राहू द्यावा आणि मग झाडून टाकून गादी उन्हात ठेवावी. सोड्याने वास जातो. तिथे ब्लीच कधीही वापरू नये; त्याचे कारण पुढे सांगणार आहोत.

सोफा आणि गादीदार खुर्च्या ही आपल्या घरातील नवी पाहुणी मंडळी आहेत. त्यांच्यावर पाणी ओतले तर ते आतल्या फोमपर्यंत जाते आणि वाळत नाही. मग बुरशी धरते आणि कुबट वास राहतो. म्हणून आधी व्हॅक्यूम क्लीनरने किंवा मऊ ब्रशाने सांधीकोपऱ्यातली धूळ काढावी. तेलाचा डाग असेल तर त्यावर तांदळाची पिठी दाबून बसवावी. ती तेल ओढून घेते; अर्ध्या तासाने पूर्ण झाडून टाकावी. राहिलेल्या डागास सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरून आत असे टिपावे, म्हणजे डाग पसरत नाही. आणि कोणताही उपाय करण्यापूर्वी तो न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावा. ओले पांढरे फडके कोपऱ्यावर घासून पाहिले की रंग सुटतो की नाही ते लगेच कळते. सतरंजी, जाजम, छापील पडदे यांनाही हीच परीक्षा लावावी.

मळ ओळखण्याचा भाग आता घेऊ. रक्त, दूध, अंडे यांचे डाग गरम पाण्याने घट्ट बसतात, कारण त्यांतील प्रथिने उष्णतेने गोठतात. त्यांना थंड पाणी द्यावे. पांढऱ्या सुती चादरीवर गंजाचा डाग पडला तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. रंगीत कापडावर हा प्रयोग करू नये.

हळदीच्या डागाची गोष्ट तर शाळेत शिकविण्यासारखी आहे, आणि आम्ही ती पुष्कळ वर्षे शिकविली. पांढऱ्या कापडावर हळद सांडली आणि त्यावर साबण लावला की डाग एकदम लाल होतो. मुलांना ती जादू वाटते आणि गृहिणीचा जीव घाबरा होतो. प्रत्यक्षात त्यात भिण्यासारखे काही नाही. हळदीतील रंग खाराच्या संगतीत लाल होतो. साबण खारट प्रकृतीचा असल्याने असे घडते. पाण्याने साबण नीट निघून गेला की तो पुन्हा पिवळा होतो. मग ते कापड ओलेच उन्हात वाळत घालावे. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोनतीन उन्हांत डाग फिका पडत जातो. ज्या डागासाठी लोक ब्लीच ओततात तो डाग सूर्यनारायण फुकट काढून देतो. तोच गुणधर्म उलट वापरता येतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेली कागदाची पट्टी घरी ठेवावी. बाजारातला एखादा साबण फार खारट आहे काय, याचा अंदाज तिच्यावर एक थेंब टाकून घेता येतो. ती गडद लाल झाली तर तो साबण रेशमाला, लोकरीला आणि आपल्या हातांना नको.

फरशीच्या बाबतीत एक इशारा अगत्याचा आहे. शहाबादी आणि कडप्पा हे आपल्या घरांतले दगड चुनखडीच्या जातीचे आहेत. संगमरवरही त्याच कुळातला. चुनखडी आंबटात विरघळते. घरगुती उपाय म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर अशा फरशीवर आणि ओट्यावर लावले तर दगडाची झिलई जाऊन पांढरट व्रण उमटतो, आणि तो मळ नसल्यामुळे कशानेही जात नाही. सिमेंटच्या मोझॅक लाद्यांचेही तसेच. त्यांना पाणी आणि थोडे सौम्य साबणाचे पाणी एवढेच पुरे.

लाकडी कपाट, पलंग, देव्हारा यांना नीट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने पुसावे. वेताच्या खुर्चीची विणलेली बैठक सैल पडली असेल तर ती खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवून हवेत वाळू द्यावी. वाळताना वेत आवळतो आणि बैठक ताणली जाते. समई, झोपाळ्याच्या पितळी कड्या यांना चिंच आणि मीठ हा जुना उपाय उत्तम आहे. चिंचेतील आम्ल वरचा काळेपणा विरघळविते. पण घासून झाल्यावर ती लगेच स्वच्छ धुऊन कोरडी पुसावी, नाही तर चिंचेचा अंश राहून पितळ पुन्हा हिरवे पडते. बिदरी कामाच्या वस्तूंना हे लावू नये. तिथला काळा रंग हा मळ नसून कारागिराने मुद्दाम आणलेला आहे. आरसा आणि काच यांना पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसावे आणि कोरड्या कागदाने घासावे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की मास्तर, म्हणजे जुने ते सोने आणि निसर्गाचे ते सारे चांगले, असेच ना? तसे मुळीच नाही. आणि हा भाग आपण विशेष लक्ष देऊन ऐकावा अशी विनंती आहे. नैसर्गिक तेवढे निर्धोक, हा समज बाजाराने पसरविला आहे आणि आपल्याच धंद्याने तो खोटा पाडला आहे. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर न जाणारी खूण करण्यासाठी परीट बिब्बा वापरीत. बिब्बा हे झाडाचे फळच. पण त्याचे तेल अंगाला लागले की फोड उठतात, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या बोटांवर अनुभवले आहे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर आग होते आणि तळ्याच्या पाण्यात गेले तर ते माशांना घातक ठरते. चुना डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका होतो. जवसाचे तेल लाकडाला चांगले, पण त्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर हवेशी संयोग होऊन आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. ते पसरून बाहेर वाळवावेत किंवा पाण्यात भिजवून टाकावेत. कपाटातल्या डांबरगोळ्या तर लहान बालकांपासून दूरच ठेवाव्यात. ज्या बालकांच्या रक्तात जन्मतः एका विशिष्ट द्रव्याची उणीव असते, त्यांच्या रक्तपेशी नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांनी फुटतात. किडीवर पहिला उपाय ऊन दाखविणे आणि झटकणे हाच; कडुनिंबाचा वाळलेला पाला त्याला जोड म्हणून ठेवावा.

घरगुती उपायांतील आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की मोठा फेस येतो आणि लोकांस वाटते की फार जोरदार औषध तयार झाले. वास्तविक एक खार आणि एक आम्ल. दोघांनी एकमेकांस मारले. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा, आणि मागे राहते ते जवळजवळ निरुपयोगी पाणी. सोडा वेगळा वापरावा, व्हिनेगर वेगळे वापरावे. ही चूक निरुपद्रवी आहे, पण एकत्र करण्याची सवय वाईट; कारण तीच सवय पुढे जिवावर बेतते.

ते कसे, हे सांगण्यासाठीच वस्तुतः आम्ही आज उभे आहोत. ब्लीचिंग पावडर आपल्या धंद्याला नवी नाही. १७९९ साली चार्ल्स टेनंट याने तिचा हक्क नोंदविला आणि पुढे ती जगभरच्या धोबीघाटांवर गेली. ती किंवा आजचे द्रवरूप ब्लीच एकटे, पातळ करून, उघड्या हवेत वापरले तर काम करते. पण संडास धुण्याचे ॲसिड तिच्याशी मिसळले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. १९१५ साली बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. लिंबू आणि व्हिनेगर हीही आम्लेच. ब्लीचशी त्यांचाही संयोग तसाच घातक. अमोनिया असलेल्या काचेच्या औषधाशी किंवा मूत्राशी ब्लीच मिसळले तर दुसरा विषारी वायू होतो. गादीवर ब्लीच नको म्हणून आम्ही म्हटले, ते यासाठीच.

आमच्या परिचयातील एका घरी दिवाळीच्या सफाईत असाच प्रकार घडला. एका सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या सुनेने पडद्यांचे डाग काढण्यासाठी बादलीत ब्लीच कालविले होते. त्याच न्हाणीघरात दार लावून तिने फरशीवर ॲसिड ओतले. दोन्ही पाणी एकाच मोरीकडे वाहिले. खोकल्याची उबळ येऊन ती दारापाशीच बसली. सासूबाईंनी दार ढकलून तिला ओढून बाहेर आणले म्हणून निभावले. तरी काही दिवस दवाखान्यात काढावे लागले. दोन्ही बाटल्यांवर सूचना छापलेली होती, बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. त्या मुलीला आम्ही दोष देत नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. आणि सांगण्याचा अधिकार ज्यांचा होता, ते आपण सारे, आपली विद्या जुनी झाली म्हणून गप्प बसलो होतो.

तेव्हा पुढील गोष्टी प्रत्येकाने घरी जाऊन सांगाव्यात. दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत. एक वापरून झाल्यावर भरपूर पाणी ओतावे. दारेखिडक्या उघड्या ठेवाव्यात. तीव्र वास आला आणि खोकला आला, तर सफाई तिथेच टाकून मोकळ्या हवेत यावे, इतरांस बाहेर काढावे, पुन्हा आत शिरू नये आणि डॉक्टरांकडे जावे. अंगावर किंवा डोळ्यांत औषध उडाले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरावीस मिनिटे धूत राहावे. आणि शीतपेयाच्या बाटलीत ॲसिड किंवा फिनेल कधीही भरू नये. तहानलेल्या मुलाला ती बाटली सरबताची वाटते. मुलाने ते गिळलेच तर त्याला ओकारी काढावयास लावू नये, कारण जे आत जाताना जाळते ते वर येतानाही जाळते. तोंड पाण्याने धुवावे आणि बाटलीसकट तत्काळ रुग्णालयात न्यावे. ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कडक निर्बंध घातले. ते निर्बंध मुख्यतः स्त्रियांवरील हल्ले रोखण्यासाठी असले तरी, घरात ॲसिड नसावे हा धडा त्यातून आपणही घ्यावा.

लाँड्री चालविणाऱ्या आपल्या बंधूंसाठी एक वेगळा शब्द. कोरड्या धुलाईत वापरले जाणारे पर्क्लोरोएथिलीन हे द्रव्य, माणसाला कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांच्या वर्गात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने घातले आहे. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेने कोरड्या धुलाईतील त्याचा वापर दहा वर्षांत क्रमाक्रमाने बंद करण्याचा नियम केला. ज्याचा वास गिऱ्हाइकाला घटकाभर येतो तो आपल्या माणसाला दिवसभर घ्यावा लागतो. तेव्हा दुकानात हवा खेळती ठेवावी, आणि जे पडदे व गालिचे पाण्याने निगुतीने धुता येतात ते तसेच धुण्याचा आग्रह गिऱ्हाइकापाशी धरावा. धुतलेले पडदे टांगण्यापूर्वी एक दिवस मोकळ्या हवेत ठेवावयास त्यांना सांगावे. डाग काढण्यासाठी पेट्रोल वापरण्याची रीत तर कायमची सोडावी. इस्त्री आणि पेट्रोल एका छपराखाली नसावे.

शेवटी पाण्याविषयी. आपला धंदा नदीच्या काठी वाढला. घाट हे आपले कारखाने होते. आज आपण मोरीत जे ओततो ते नदीतच जाते. काही धुण्याच्या भुकटींतील फॉस्फेट हे पाण्यातील वनस्पतींचे खत होय. त्याने जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. आळंदीस इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत वारंवार पाहिला आहे. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावावरील फेसाने तर २०१५ साली पेट घेतला. हा दोष केवळ घरांचा नाही. कारखाने आणि शहरांचे न शुद्ध केलेले सांडपाणी यांचा वाटा त्यात मोठा आहे. तरी आपल्या वाट्याचे आपण करावे. भुकटी मोजून घालावी, मूठभर नव्हे. फॉस्फेटरहित असेल ती निवडावी. पर्यावरणास कमी त्रासदायक मालासाठी केंद्र सरकारने १९९१ साली इकोमार्क ही खूण सुरू केली, तिच्यावर मातीचा घडा आहे. २०२४ साली तिचे नवे नियम झाले. वेष्टनावर हिरवे पान छापलेले असले म्हणजे माल सौम्य झाला असे नव्हे. आत काय आहे ते वाचावे.

समाजापुढे आमच्या दोन सूचना आहेत. पहिली अशी की, आपल्यातील वृद्ध परटिणी आणि जुने कारागीर यांच्यापाशी जी माहिती आहे ती त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावी. कोणता डाग, कोणते वस्त्र, कोणता उपाय, एवढे जरी टिपून ठेवले तरी पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ते छापता येईल. त्यातील चुकीचे असेल ते शिकलेल्या मुलांनी तपासून बाजूस काढावे. जुन्याचा अभिमान धरणे आणि जुने तपासून घेणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. दुसरी सूचना अशी की, ‘ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका’ एवढे एकच वाक्य मोठ्या मराठी अक्षरांत छापून आपल्या प्रत्येक लाँड्रीत लावावे आणि गिऱ्हाइकाच्या घडीबरोबर त्याची चिठ्ठी द्यावी. ज्या घरात आपली घडी जाते त्या घरात हे वाक्यही जाईल. याला खर्च नाममात्र आहे, आणि त्याने वर्षातून एक जरी घर वाचले तरी तो भरून आला असे आम्ही समजू.

चिठ्ठीच्या मजकुराचा कागद आम्ही चिटणीसांकडे देऊन ठेवला आहे. ज्या लाँड्रीवाल्यांस तो हवा असेल त्यांनी जाताना आपली नावे त्यांच्यापाशी नोंदवावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.